मेल सर्व्हरला टीएलएस लावायला बसण्याआधी

शिरोलीची फौंड्री असो नाहीतर उद्यमनगरातलं वर्कशॉप, पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा) आणि डोव्हकॉट (इनबॉक्स वाचायला देणारा) यांवर स्वतःचा मेल चालवत असाल तर हे वाचा. टीएलएस म्हणजे मेलची ये-जा कुलूपबंद करणारी पद्धत, आणि सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. बॅकअप घ्या, हे सांगत बसत नाही.

आधी नाव. सर्टिफिकेट ज्या नावाचं, तेच नाव आउटलुक-थंडरबर्डमध्ये सर्व्हर म्हणून हवं. कुणीतरी तिथं आयपी पत्ता भरलेला असतोच. शोधून बदला, नाहीतर माणसं वॉर्निंग न वाचता ओके दाबायला शिकतात. सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत सर्टिफिकेट आणणारं आणि बदलणारं सॉफ्टवेअर) नेहमीच्या एचटीटीपी पद्धतीनं वापरणार असाल तर ८० पोर्ट बाहेरून उघडा ठेवा, नूतनीकरणालाही तो लागतो. फाइल फुलचेनचीच द्या, म्हणजे आपलं आणि ते देणाऱ्या संस्थेचं मधलं सर्टिफिकेट एकत्र असलेली. मधलं सर्टिफिकेट नसेल तर एखाद्या पीसीवर चालून जातं आणि मोबाइल अडून बसतो. डोव्हकॉट २.३ मध्ये फाइलच्या मार्गाआधी < हे चिन्ह लागतं, २.४ मध्ये नाही.

आता रीलोड, म्हणजे चालू सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावणं. मागच्या खेपेला हेच राहिलं होतं. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, सर्टबॉट ते साठाव्या दिवसाच्या आसपास बदलतो. पण डोव्हकॉट जुनंच मेमरीत धरून बसतो. तीस दिवस सगळं सुरळीत, आणि एका सकाळी सगळ्यांचा इनबॉक्स बंद. पोस्टफिक्सच्या प्रोसेस बदलत राहतात, त्यामुळे मेल जातात पण येत नाहीत, आणि आपण पासवर्ड तपासत बसतो! म्हणून सर्टबॉटच्या रिन्यूअल-हुक्समधल्या डिप्लॉय फोल्डरात (नवं सर्टिफिकेट आलं की यातल्या स्क्रिप्ट चालतात) दोन्हींना रीलोड करणारी स्क्रिप्ट ठेवा. तिला एक्झिक्यूट परवानगी द्या, नसेल तर सर्टबॉट तिच्याकडं ढुंकूनही बघत नाही. ड्राय-रन (नूतनीकरणाची रंगीत तालीम) पास झाला म्हणून हुरळू नका, तो डिप्लॉय हुक आपणहून चालवतच नाही. स्क्रिप्ट हातानं चालवून बघा. रीलोड म्हणजे रीलोड, फाइल नवी झाली म्हणून भागत नाही.

पोर्ट : वाचायला ९९३, पाठवायला ४६५. ५८७ ठेवलाच तर स्टार्टटीएलएस (साध्या जोडणीवर मग टीएलएस चढवणं) सक्तीचं. २५ वर, म्हणजे इतर सर्व्हरकडून मेल येते तिथं, मात्र सक्ती नको, समोरचा सर्व्हर जुना असेल तर त्याची मेल येणारच नाही. टीएलएस १.२ च्या खाली काही नको. अकौंट्सच्या टेबलावरचं विंडोज ७ कुरकुरेल, त्याचं आधीच बघा.

मेल वाचायचे जुने पोर्ट १४३, ११० बाहेरून बंद. क्लायंटमध्ये युजरनेम म्हणून पूर्ण पत्ता. शेवटी ओपनएसएसएल या कमांडनं ९९३ वर जोडून सर्टिफिकेट संपायची तारीख बघा, डिस्कवरच्या फाइलची नव्हे. पासष्टाव्या दिवसाचा गजर लावा, आणि त्या दिवशी पुन्हा ९९३ चीच तारीख.