एका बिटाचा आवाज: स्पेक्ट्रमला मराठीत वेळ सांगायला लावताना

एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरांच्या कामात) किंवा एकूणच लो-लेव्हल, म्हणजे थेट हार्डवेअरशी बोलणाऱ्या, प्रोग्रॅमिंगमध्ये यायचं आहे, पहिला प्रकल्प कोणता करू, असं विचारणाऱ्यांना मी एलईडी लुकलुकवायला सांगत नाही. एलईडी किंचित उशिरा लागला तर डोळ्याला पत्ता लागत नाही. कान मात्र लगेच चूक पकडतो. म्हणून माझा सल्ला असा: १९८२ सालचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर घ्या (खरा नसेल तर फ्यूजसारखा एम्युलेटर, म्हणजे त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम, पुरतो) आणि त्याला बोलतं करा. तेही तयार सॉफ्टवेअरने नव्हे, स्वतः लिहिलेल्या युटिलिटीने.

हेच मशीन का? ४८ के स्पेक्ट्रममध्ये साउंड चिप नाही. साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड ८० प्रोसेसर आहे, आणि स्पीकर पोर्ट क्रमांक २५४ च्या एका बिटावर लटकलेला आहे. बिट ४ मध्ये १ लिहिला की स्पीकरचा पडदा एकीकडे जातो, ० लिहिला की दुसरीकडे. मधली जागा नाही, व्हॉल्यूम नाही, प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारं डीएमए नाही. प्रत्येक हालचाल प्रोसेसरलाच वेळेवर करावी लागते. यात लपायला जागा नसते, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

इथे बरेच जण थेट स्पीच सिंथेसिसकडे, म्हणजे मशीनकडूनच आवाज घडवून घेण्याकडे, धावतात. बेल लॅब्सने १९६१ मध्येच आयबीएम ७०४ कडून गाणं म्हणवून घेतलं होतं, १९८२ च्या ‘सॅम’ने घरगुती कॉम्प्युटरवर निव्वळ सॉफ्टवेअरमधून ध्वनी जोडून वाक्यं बोलून दाखवली, स्पेक्ट्रमला मागून जोडायचा ‘करा’ (Currah) कंपनीचा मायक्रोस्पीच डबा होता, त्यात एसपी०२५६ ही चिप होती. वाचायला सगळं भारी वाटतं. पण त्या चिपमधले ५९ ध्वनी इंग्रजीचे. तिच्याकडून ‘चाळीस’मधला ळ काढून दाखवा. पहिल्या प्रकल्पासाठी सिंथेसिस बाजूला ठेवा. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, त्याचे तुकडे करा आणि ते एका बिटावर वाजवा. मशीनला वेळ सांगायला लावा: ‘सात वाजून बावीस मिनिटे झाली.’

एका बिटात बोलणं कळेल का, ही शंका रास्त आहे. उत्तर जुनं आहे. लिक्लायडर आणि पोलॅक या संशोधकांनी १९४८ साली दाखवलं की आवाजाची लहर इतकी छाटली की फक्त ‘शून्याच्या वर’ आणि ‘शून्याच्या खाली’ एवढंच उरलं, तरी शब्द कळतात. छाटण्याआधी वरच्या वारंवारता उचलून घेतल्या तर आणखीच चांगले कळतात. म्हणजे ऐकणाऱ्याला लहरीची उंची फारशी लागत नाही, ती शून्य कधी ओलांडते याची वेळ लागते. आपल्या मशीनला तेवढंच तर जमतं.

युटिलिटीचा पहिला भाग आजच्या कॉम्प्युटरवर लिहायचा, पायथनच्या पन्नास-साठ ओळींत होतो. ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा, मोनो करा, सॅम्पल रेट (लहर सेकंदाला किती वेळा मोजायची तो आकडा) ८००० वर आणा. मग स्क्रिप्टमध्ये प्रत्येक सॅम्पलमधून आधीच्या सॅम्पलचा सुमारे ०.९५ पट भाग वजा करा. वरच्या वारंवारता उचलायचं काम एवढ्यानेच होतं. उत्तर तुम्ही ठरवलेल्या एका उंबरठ्याच्या वर असेल तर १, नाही तर ०. आठ बिटांचा एक बाइट. हिशेब सोपा आहे: सेकंदाला आठ हजार बिट म्हणजे एक हजार बाइट, आणि एका बाइटला एक मिलिसेकंद.

उंबरठा शून्यावर मात्र ठेवू नका. एका बिटाच्या जगात शांतता नावाची गोष्टच नसते. दोन शब्दांमधल्या जागेत खोलीतली बारीकशी खरखर असते. ती शून्याच्या वर-खाली होत राहते आणि छाटल्यावर पूर्ण ताकदीने वाजते, अगदी बोलण्याइतकी मोठी. उंबरठा शून्यापासून जरा वर सरकवला की ती खरखर एकाच बाजूला राहते, सगळे शून्य येतात आणि पडदा गप्प बसतो. जास्त सरकवला तर शब्दाची मऊ सुरुवात खाल्ली जाते. ‘सव्वीस’चा ‘अव्वीस’ होतो. ‘स’वर आधीच अन्याय झालेला असतो, कारण त्याची बरीचशी ऊर्जा चार किलोहर्ट्झच्या वर असते आणि ८००० च्या रेटला ती उरतच नाही. म्हणून उंबरठा ठरवताना ‘सव्वीस’ आणि ‘सहा’ हे शब्द हाताशी ठेवा. ते नीट आले तर बाकीचे येतात.

दुसरा भाग स्पेक्ट्रमवरचा, असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या एकेका आज्ञेच्या भाषेत. खरं शिकणं इथे आहे. प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका म्हणजे एक टी-स्टेट. सेकंदाला साडेतीन दशलक्ष टी-स्टेट भागिले आठ हजार म्हणजे एका बिटाला सुमारे ४३७ टी-स्टेट. तेवढ्यात बिट काढायचा, पोर्टवर पाठवायचा आणि उरलेला वेळ रिकाम्या लूपमध्ये घालवायचा. नवखा माणूस लिहितो: बिट १ असेल तर इकडे उडी, नाही तर तिकडे. पण झेड ८० वर जेआर ही सशर्त उडी घेतली गेली तर १२ टी-स्टेट लागतात, नाही घेतली तर ७. म्हणजे १ ला वेगळा वेळ, ० ला वेगळा. त्याऐवजी बाइट डावीकडे फिरवून बिट कॅरीत (प्रोसेसरमधल्या एका खुणेच्या बिटात) आणा आणि ‘एसबीसी ए,ए’ लिहा. कॅरी असेल तर ‘ए’ या रजिस्टरमध्ये २५५ येतो, नसेल तर ०. मग ‘अँड १६’ केलं की फक्त स्पीकरचा बिट उरतो, आणि ‘आउट (२५४),ए’. उडी नाही, अट नाही, दोन्ही बाबतीत वेळ सारखाच. या पोर्टचे खालचे तीन बिट बॉर्डरचा रंग ठरवतात. ते शून्य राहतात, त्यामुळे बोलताना बॉर्डर काळी होते. मला ती तशीच आवडते.

एवढं करूनही आवाजात एक बारीक शिट्टी ऐकू येते. कुठून येते, हे शोधण्यात या प्रकल्पाची निम्मी मजा आहे. दर आठव्या बिटानंतर पुढचा बाइट मेमरीतून आणावा लागतो, पॉइंटर वाढवावा लागतो, संपलं का ते बघावं लागतं. त्या एका बिटाला थोडा जास्त वेळ जातो. आठ हजारातला दर आठवा, म्हणजे सेकंदाला एक हजार वेळा, म्हणजे एक किलोहर्ट्झची शिट्टी. उपाय एकच: कागदावर प्रत्येक वाटेचे टी-स्टेट मोजा आणि आठव्या बिटानंतरच्या रिकाम्या लूपमधून तेवढे कमी करा. मुलाखतीत कुणी ‘जिटर म्हणजे काय’ (ठरलेल्या वेळेतली अशी डळमळ) विचारलं तर पुस्तकातली व्याख्या सांगण्यापेक्षा ही शिट्टी सांगा. ऐकणारा सरसावून बसतो, आणि पुढचे प्रश्न तुम्हाला येत असलेल्या गोष्टींवर येतात.

घरघर ऐकू आली तर ती वेगळी. स्पेक्ट्रममध्ये सेकंदाला पन्नास वेळा इंटरप्ट येतो, म्हणजे चालू काम थांबवलं जातं, आणि रॉममधला प्रोग्रॅम कीबोर्ड तपासून परत येतो. बोलायला सुरुवात करताना ‘डीआय’ (इंटरप्ट बंद) आणि संपल्यावर ‘ईआय’ (इंटरप्ट चालू) हे विसरायचं नाही. शिवाय प्लेअरचा कोड मेमरीत ३२७६८ या पत्त्याच्या वर ठेवा. त्याखालच्या १६ के मेमरीत स्क्रीन काढणारी यूएलए चिप प्रोसेसरला थांबवत असते, आणि मग कागदावरचे टी-स्टेट कागदावरच राहतात. बेसिकमध्ये ‘क्लिअर ३२७६७’, टेप लोड, आणि ‘रँडमाइझ यूएसआर ३२७६८’. टेपची फाइलही स्क्रिप्टनेच बनवा. टॅप फाइलमध्ये आधी दोन बाइट लांबी, मग ब्लॉक, आणि शेवटी त्या ब्लॉकमधल्या सगळ्या बाइटांचा एक्सऑर (चूक पकडण्यासाठी बिटाबिटाने केलेली तुलना). हे फॉरमॅट हाताने लिहिलंत की पुढे कुठल्याही प्रोटोकॉलच्या फ्रेमकडे बघून छातीत धडधडत नाही.

आता मेमरी. ३२७६८ पासून ६५५३५ पर्यंत ३२,७६८ बाइट, म्हणजे पावणेतेहेतीस सेकंदांचं बोलणं. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि दशकं रेकॉर्ड केली की काम भागतं. मराठीत एकपासून एकोणसाठपर्यंत प्रत्येक आकडा आपापल्या रुबाबात. सरासरी ०.६ सेकंद धरला तरी पस्तीस सेकंदांच्या वर जातं, आणि अजून ‘वाजून’, ‘मिनिटे’, ‘झाली’ आहेतच. मावत नाही.

सॅम्पल रेट खाली आणणं हा सोपा मार्ग, पण त्यात ‘तेवीस’ आणि ‘चोवीस’ यांतला फरक पुसट होत जातो. मला शब्द कापणं जास्त पटतं. एकवीस, बावीस, तेवीस यांत ‘वीस’ समान आहे, तर तो एकदाच ठेवावा असं पहिल्यांदा सुचतं. करून बघा, सांधा कानाला टोचतो. ‘व’ उच्चारताना आवाज अखंड वाहत असतो, आणि वाहता आवाज कापून दुसऱ्याला चिकटवला की स्वर उडी मारतो. चाळीसची मंडळी मात्र गुणी आहेत. ‘बेचाळीस’ म्हणताना ‘च’च्या आधी जीभ टाळूला टेकते आणि क्षणभर आवाज पूर्ण बंद होतो. एडिटरमध्ये लहर मोठी करून बघा, तिथे सपाट पट्टी दिसते. बरोबर त्या पट्टीत कापलं की एक्के, बे, त्रे, चव्वे, पंचे, शेहे, सत्ते, अठ्ठे हे आठ तुकडे आणि एकच ‘चाळीस’ पुरतो. ‘तीस’चंही तसंच, ‘त’च्या आधी बंद जागा मिळते, बत्तीस-छत्तीसमध्ये तर दुहेरी त मुळे ती चांगली लांबलचक असते. या दोन कुटुंबांतून चार-पाच सेकंद वाचतात आणि सगळं जेमतेम मावतं. पन्नाशीतले जसेच्या तसे ठेवा. ‘त्रेपन्न’ आणि ‘चोपन्न’ यांना मोह पडून कापता येईलही, पण एकावन्न-बावन्न वेगळ्या वाटेने जातात आणि टेबल उगाच गुंतागुंतीचं होतं.

रेकॉर्ड करताना सगळे आकडे एका बैठकीत, एकाच पट्टीत म्हणा. यादी वाचल्यासारखं म्हटलं की शेवटच्या आकड्याला आवाज खाली पडतो. तो आकडा वाक्याच्या मध्ये आला की वाक्य तिथेच संपल्यासारखं वाटतं. प्रत्येक आकडा ‘सात वाजून’ असा पूर्ण म्हणून मग कापलेला बरा. मिनिटांसाठीही तोच तुकडा चालतो.

घड्याळाचं काय? स्पेक्ट्रममध्ये घड्याळाची चिप नाही. २३६७२ पासूनच्या तीन बाइटांत फ्रेम (स्क्रीनवरचं एकेक पूर्ण चित्र) मोजणारा काउंटर आहे, तो इंटरप्टवर चालतो. आपण बोलताना इंटरप्ट बंद करतो, म्हणजे मशीन वेळ सांगत असतं तेव्हा त्याची वेळ थांबलेली असते! दर वेळी बोललं की घड्याळ दोन-तीन सेकंद मागे. दुरुस्ती हिशेबातच दडलेली आहे: सेकंदाला हजार बाइट, पन्नास फ्रेम, म्हणजे वीस बाइटांना एक फ्रेम. जेवढे बाइट वाजवले त्यांना वीसने भागा आणि काउंटरमध्ये मिळवा. तरीही घड्याळ पळतंच, कारण एक फ्रेम ६९,८८८ टी-स्टेटची असते आणि सेकंदाला पन्नासपेक्षा किंचित जास्त फ्रेम होतात. दिवसाला दोन मिनिटांहून थोडं जास्त. तेही बेसिकमध्ये अधूनमधून काही फ्रेम वजा करून आवरता येतं.

मित्राला दाखवण्याआधी काही वेळा मुद्दाम लावून बघा. एक वाजता ते ‘एक वाजला’ म्हणायला हवं, दोनला ‘दोन वाजले’. १:०१ ला ‘एक मिनिट झालं’, ‘मिनिटे झाली’ नव्हे. त्यासाठी ‘झालं’चा वेगळा तुकडा लागेल आणि तो मावण्यासाठी कुठूनतरी दोनशे-तीनशे बाइट काढावे लागतील. आणि १२:५९ नंतर काय बोलतं, ते तर नक्कीच ऐका.