झरिश्क: निवडणं, धुणं, परतणं

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया’ या इराणी हॉटेलच्या बेरी पुलावावर लाल, आंबट, बारीक दाणे असतात, ते झरिश्क. दारुहळदीच्या जातकुळीतल्या काटेरी झुडपाचं हे फळ. सिसिलीच्या एटना पर्वतावर आणि क्रीटच्या डोंगरांत त्याचे भाऊबंद रानात वाढतात, पण त्यांच्या फळांत बिया असतात. बाजारातलं बहुतेक झरिश्क इराणच्या दक्षिण खोरासानातलं, बिनबियांचं. रोपाच्या मोहात पडू नका. त्याला कडक हिवाळा लागतो, मुंबईच्या गॅलरीत ते फळणार नाही.

क्रॉफर्ड मार्केट किंवा मशीद बंदरच्या सुक्या मेव्याच्या दुकानांत विचारा. दाणा माणकासारखा लाल आणि किंचित मऊ हवा. काळपट पडलेला माल जुना समजावा. त्याऐवजी क्रॅनबेरी दिली तर घेऊ नका. ती बहुतेक वेळा साखरेत मुरवलेली असते, तिला हा आंबटपणा नाही.

घरी आणलं की हवाबंद बरणीत भरून थेट फ्रीझरमध्ये. मुंबईच्या दमट हवेत बाहेर ठेवलं तर दाणे चिकटतात, काळवंडतात, पावसाळ्यात बुरशीही धरते. हवं तेवढं काढून बरणी लगेच बंद करा, नाहीतर आत दव साचतं.

दोन वाट्या बासमतीला अर्धी वाटी झरिश्क पुरे. आधी परातीत पसरून निवडा. देठ, काड्या, खडे निघतात, क्वचित काट्याचा तुकडाही. मग भरपूर गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा. माती तळाशी बसते, म्हणून भांडं चाळणीत उपडं करू नका. वर तरंगणारे दाणे बोटांनी अलगद उचला. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदला. तासभर भिजवलं तर रंग आणि आंबटपणा दोन्ही पाण्यात उतरतात. धुतल्यावर सुती फडक्यावर पसरून पाणी टिपून घ्या.

सगळा खेळ परतण्यात आहे. कढल्यात दोन चमचे तूप अगदी मंद आचेवर वितळू द्या. झरिश्क, दीड चमचा साखर आणि एक मोठा चमचा केशराचं पाणी घाला, हलक्या हाताने हलवत राहा. मिनिट-दीड मिनिटात सुरकुतलेले दाणे टम्म फुगून चकाकू लागतात. त्याच क्षणी वाटीत काढा, कारण गॅस बंद केला तरी गरम कढल्यात ते शिजतच राहतात. दाणा इवलासा, त्यात साखर, त्यामुळे करपायला वेळ लागत नाही. करपलेलं झरिश्क कडू होतं आणि कशानेही सुधारत नाही. टाकून नव्याने करा.

भाताला दम देऊन झाल्यावरच वरून पसरा. दमाच्या आधी घातलं तर वाफेने दाणे लिबलिबीत होतात, रंग भातात उतरतो. चिकन किंवा मटणाच्या पुलावावर तळलेला कांदा आणि काजूही याच वेळी. गरोदरपणात मात्र डॉक्टरांना विचारून खावं. या झुडपाच्या मुळा-सालीत बर्बेरीन हे तीव्र द्रव्य असतं, फळात अगदी थोडं.

परतलेलं उरलं तर फ्रीजमध्ये झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काकडीच्या कोशिंबिरीत घाला. त्या दिवशी लिंबू पिळायची गरज नाही.