कुत्र्यांच्या साथीने रानडुकराची शिकार: कुत्रा धडधाकट परत कसा आणायचा

टेक्ससच्या शेतकऱ्याला रानडुक्कर हा शब्द नुसता उच्चारला तरी चालतो, पुढचं गाऱ्हाणं तो स्वतःच सुरू करतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडे आणलेली पाळीव डुकरं मोकाट सुटली. १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानडुकरं आणून सोडली गेली आणि दोहोंचा संकर झाला. मादी सहा ते आठ महिन्यांत वयात येते, साधारण ११५ दिवसांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं देते. एकट्या टेक्ससमध्ये आज वीस लाखांहून जास्त डुकरं असल्याचा अंदाज आहे. एक कळप रात्रीतून मक्याचं शेत असं उकरून ठेवतो की सकाळी पाहणाऱ्याला वाटावं, कुणी नांगर घालून गेलं.

तरीही एक गोष्ट आधीच सांगायला हवी. संख्या कमी करायची असेल तर कुत्रा हे पहिलं हत्यार नाही. अख्खा कळप एकदम कोंडणारा मोठा सापळा त्याहून कितीतरी जास्त काम करतो. कुत्र्यांनी एकदोन डुकरं पकडली की उरलेली चार दिशांना पांगतात आणि सापळ्याजवळ फिरकत नाहीत. याच कारणाने मिसुरी राज्याच्या संवर्धन विभागाने स्वतःच्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीला बंदी घातली. कुत्र्यांचा खरा उपयोग होतो तो सापळ्याला न भुलणाऱ्या, दाट झुडपात दडून बसणाऱ्या वस्ताद डुकरांसाठी.

आधी कायदा, मग कुत्रे

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. सार्वजनिक जमिनीवर मात्र लागतो, आणि तिथले कुत्र्यांविषयीचे नियम जागेगणिक बदलतात. पकडलेलं डुक्कर जिवंत वाहून नेण्यावर कडक बंधनं आहेत. शेजारच्या मालकांनाही आधी सांगून ठेवा. कुत्र्याला कुंपण कळत नाही, आणि डुक्कर नेमकं परक्याच्याच हद्दीत पळतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुकराची विनापरवाना शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे पुढचं सगळं टेक्सस आणि आसपासच्या राज्यांपुरतंच समजावं.

कुत्र्यांची जोडणी

या शिकारीत कुत्र्यांची कामं दोन, आणि दोन्ही एकाच कुत्र्याकडून करून घ्यायला जाऊ नये.

पहिला तो ‘बे डॉग’. वास काढत माग घेणं, डुक्कर गाठणं आणि त्याच्या समोर सुरक्षित अंतरावरून भुंकत त्याला जागीच अडवून धरणं, हे त्याचं काम. लुइझियानाचा कॅटाहूला, ब्लॅक माउथ कर, टेक्ससचा ब्लू लेसी, नॉर्थ कॅरोलिनाचा प्लॉट हाउंड या जाती त्यासाठी नावाजलेल्या. दुसरा ‘कॅच डॉग’. अमेरिकन बुलडॉग, पिट बुल किंवा अर्जेंटिनात खास रानडुकरासाठी तयार केलेला डोगो. हा डुकराच्या कानाला किंवा गालाला धरतो आणि मालक येईपर्यंत सोडत नाही.

नवखा माणूस हमखास अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्यावर भाळतो. माझं मत उलटं आहे. अंतर राखून तासभर भुंकत राहणारा संयमी कुत्रा दहा वर्षं साथ देतो. प्रत्येक डुकराला तोंड घालणारा बे डॉग टाके घेत घेत लवकर संपतो. नराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासून धारदार राहतात, आणि त्याच्या खांद्यावर कूर्चेसारख्या टणक थराची ढालच असते. धैर्यापेक्षा इथे अंतराचं भान जास्त कामी येतं.

पिल्लाला आधी हाक मारताच परत यायला शिकवा. गुरं, हरणं, कोंबड्या यांच्या मागे न जाणं हा दुसरा धडा. मग एखाद्या जाणत्या कुत्र्याबरोबर त्याला छोट्या डुकरांच्या मागावर न्या. पहिल्याच खेपेला मोठ्या नराशी गाठ पडली तर पिल्लू कायमचं भितं, नाहीतर कायमचं जखमी होतं.

निघण्यापूर्वी

कुत्र्याला आदल्या रात्रीच पोटभर खाऊ घाला. शिकारीच्या आधी भरल्या पोटी पळवलं तर रुंद छातीच्या कुत्र्यांच्या जठराला पीळ पडू शकतो, आणि तो काही तासांत जीव घेतो. हंगामात साधारण तीस टक्के प्रथिनं आणि वीस टक्के चरबीचं खाद्य अशा कष्टकरी कुत्र्यांना मानवतं. बाकी वर्षभर हेच घातलं तर नुसती चरबी वाढते.

गळ्यात जीपीएस पट्टा हवाच. कुत्रा कुठे आहे, पळतोय की एका जागी थांबलाय, हे हातातल्या यंत्रावर दिसतं. बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना, हे घरीच तपासा. कॅच डॉगला छातीपोट झाकणारं जाड कापडी चिलखत आणि मानेभोवती रुंद जाड पट्टा चढवा. चिलखत सुळा अडवतं खरं, पण अंगातली उष्णताही कोंडून ठेवतं. म्हणून ते गाडीत घालू नका. कॅच डॉग सोडायच्या थोडं आधीच चढवा.

औषधांच्या पेटीत मिठाच्या पाण्याच्या निर्जंतुक बाटल्या, जाड गॉज, चिकटणाऱ्या पट्ट्या, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, ताप मोजायचा थर्मामीटर, मुसकी, स्वयंपाकघरातला पारदर्शक प्लास्टिकचा रोल, मक्याचं सिरप आणि जवळच्या रात्रभर उघड्या असणाऱ्या पशुवैद्याचा नंबर एवढं तरी असावं. पाणी माणसांच्या दुप्पट घ्या.

माग, सोडणं, अडवणं

ओली उकरलेली माती, चिखलातली ताजी लोळण, झाडाच्या बुंध्यावर घासलेला चिखल, गोलसर खुरांचे ठसे. ठशात अजून पाणी झिरपत असेल तर डुक्कर दूर नाही. वारा समोरून येईल अशा बाजूने चाला आणि दोन, फार तर तीन बे डॉग सोडा. जास्त कुत्रे म्हणजे जास्त गोंधळ: मागचा कुत्रा पुढच्याला सुळ्यांवर ढकलतो. कॅच डॉग मात्र दोरीवर, तुमच्या हातात.

मग थांबायचं. भुंकणं लयीत, एका जागेवरून यायला लागलं की डुक्कर अडलं. शांतपणे जवळ जा, धावत नको. धापा टाकत पोचलेला माणूस चुकीचे निर्णय घेतो. अडलेलं डुक्कर केवढं आहे ते आधी डोळ्यांनी पाहा. पाण्यात उभा मोठा नर, दाट काटेरी झुडूप, कुत्र्यांना मागे सरायला जागा नाही, यातलं काहीही असेल तर कुत्र्यांना हाक मारून मागे घ्या. एक डुक्कर सुटलं तर सुटलं. या क्षणी मागे फिरता येणं हेच मला शिकाऱ्याचं कसब वाटतं, बाकी सगळं सरावाने जमतं.

पुढे जायचं ठरलं तर कॅच डॉग सोडा आणि त्याने पक्की पकड घेईपर्यंत जागचे हलू नका. मग मागून जाऊन डुकराचे दोन्ही मागचे पाय धरून उचला, आडवं पाडा. कुत्रे चहूबाजूंनी चिकटलेले असताना बंदूक चालवणं धोक्याचं, कारण गोळी आरपार जाते. म्हणून बहुतेक जाणकार पुढच्या पायाच्या मागे, हृदयाच्या दिशेने लांब सुरा वापरतात. हे झटपट व्हायला हवं. डुकराला ताटकळत ठेवण्यात ना मर्दुमकी आहे ना कुत्र्यांचं हित. जबडा सोडवायला कुत्र्याला ओढू नका, त्याने मांसही फाटतं आणि दातही जातात. दाढांमागे लाकडी पाचर सारून हळूच वळवा. मग लगेच सगळ्यांना दोरीला बांधा.

जखमा: बाहेरून बारीक, आतून खोल

प्रत्येक कुत्र्याच्या अंगावरून बोटं फिरवत मान, काख, पोटाखालचा भाग, मांड्यांच्या आतली बाजू तपासा. सुळ्याचं भोक बाहेरून पेन्सिलीएवढं दिसतं, पण आत कातडी मांसापासून हातभर सुटलेली असू शकते. त्या पोकळीत चिखल आणि केस अडकतात आणि दोन दिवसांत पू होतो.

रक्त उडत असेल तर गॉज ठेवून सरळ हाताने दाब द्या, दर मिनिटाला उचलून बघू नका. छातीच्या भोकातून हवा आत-बाहेर होत असेल तर त्यावर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ते बंद करा. धाप वाढली तर एक कडा क्षणभर सैल करा आणि पशुवैद्य गाठा. पोटातून आतडी बाहेर आली असतील तर आत ढकलू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने झाका, वरून सैल गुंडाळा. बाकीच्या जखमा मिठाच्या पाण्याने भरपूर धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका, ते जिवंत पेशीही जाळतं. अस्वच्छ खोल भोक घरी शिवून टाकणं म्हणजे घाण आत कोंडणं. त्यातून पाणी वाहत राहिलं पाहिजे, गरज पडली तर पशुवैद्य नळी बसवतो. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल ही माणसांची औषधं कुत्र्याला विषारी ठरू शकतात. वेदना कितीही दिसली तरी हात आवरा.

वरचा ओठ उचलून हिरडी दाबा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिकट, अंग गार, कुत्रा सुस्त असं दिसलं तर आत रक्तस्राव असू शकतो, बाहेर जखम असो वा नसो. अशा वेळी थेट गाडी काढा.

उन्हाचा फटका

सुळ्याइतकाच घात करणारी गोष्ट म्हणजे उष्णता, आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष कमी असतं. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, धाप टाकूनच तो थंड होतो. दमट हवेत ते जमत नाही. त्याचं नेहमीचं तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ च्या वर गेलं की उष्माघात समजा. जीभ जाड आणि गडद लाल, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी, बोलावलं तरी भान नाही ही खूण. चिलखत लगेच काढा, जे गार पाणी मिळेल ते सगळ्या अंगावर ओता, वारा घाला. आधी तिथेच थंड करायला लागा, मग एसी चालू ठेवून गाडीने न्या. तापमान ३९.५ ला आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते खाली घसरत जातं. कुत्रा उठून उभा राहिला तरी पशुवैद्याला दाखवा, कारण मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचा बिघाड नंतर समोर येतो. उन्हाळ्यात रात्री उशिरा निघणं किंवा सरळ घरी बसणं, हा त्यावरचा स्वस्त उपाय.

बराच वेळ पळून कुत्रा अचानक लटपटायला लागला आणि अंग तापलेलं नसेल, तर साखर उतरलेली असू शकते. हिरड्यांवर थोडं मक्याचं सिरप चोळा.

डुकराकडून येणारे रोग

कच्चं डुकराचं मांस किंवा आतडी कुत्र्याला कधीही देऊ नका. रानडुकरांत आढळणारा औजेस्की रोग कुत्र्याला झाला तर तो वाचत नाही. अंग ओरबाडून काढण्याइतकी खाज, लाळ, झटके आणि साधारण दोन-तीन दिवसांत शेवट. अमेरिकेत कुत्र्यासाठी त्यावर मान्य लस नाही. ब्रुसेला सुइस हा जिवाणू कुत्र्याला आणि माणसालाही होतो, म्हणून डुक्कर सोलताना हातमोजे घाला. वृषण सुजणं, पाठ आखडणं, गर्भपात अशी लक्षणं दिसली तर पशुवैद्याला डुकराच्या संपर्काबद्दल स्पष्ट सांगा. कापताना चरबी निळी दिसली तर ते डुक्कर वॉरफरिनच्या आमिषावर चरलेलं आहे, त्या आमिषात रक्त पातळ करणारं विष घातलेलं असतं. असं मांस कुणीच खाऊ नये.

रेबीज, पार्वो, डिस्टेंपर यांबरोबर लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका. दलदलीच्या भागात डासांमुळे हृदयातला जंत सर्रास आढळतो, आणि त्याचा इलाज महिनोन्‌महिने चालतो. तो होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा द्यायची गोळी त्यापुढे काहीच नाही.

घरी आल्यावर

धाप पूर्ण थांबेपर्यंत खाऊ घालू नका, पाणीही थोडं थोडं द्या. अंघोळ घाला, बोटांच्या फटींतले काटे काढा, कानांत गवताची कुसळं आहेत का बघा, गोचिडी उपटा. दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा एकदा सगळं अंग चाचपा, कारण रात्री केसांखाली लपलेलं भोक सकाळी सुजून वर येतं.

टाके पडलेल्या कुत्र्याचं कातडं पंधरा दिवसांत जुळतं, आतला स्नायू मात्र वेळ घेतो. गाडीचं इंजिन ऐकून तो पिंजऱ्यात उड्या मारील, दोरी तोडील. त्याच्या उत्साहावरून अंदाज बांधू नका. आधी मोकळ्या मैदानात पळवा, लंगडतो का पाहा, दुसऱ्या दिवशी आखडतो का पाहा. मग पशुवैद्याने हो म्हटल्यावर त्याला पहिल्यांदा थंड दिवशी, उघड्या माळावर आणि छोट्या डुकरांच्या मागावरच सोडा.