कार्बनी संयुगांची नावं लिहिताना या चुका टाळा

वह्या तपासताना माझी सगळ्यात जास्त लाल शाई मुख्य साखळीवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कार्बनच्या सगळ्यात लांब ओळीवर, खर्च होते. मुलं आडव्या ओळीतले कार्बन मोजतात आणि वर-खाली गेलेलं सगळं फांदी समजतात. कागदावर कार्बन वळला म्हणून साखळी तुटत नाही!

मागे एका मुलाने सहा कार्बनच्या हेक्झेनचे सात समघटक (तेच अणू, पण जोडणी वेगळी) काढून आणले. असतात पाच. ‘सर, तुम्ही दोन विसरलात.’ म्हटलं, बस, प्रत्येकाखाली नाव लिही. एकाखाली त्याने लिहिलं २-इथिलब्युटेन (इथिल म्हणजे दोन कार्बनची फांदी, आकडा ती कितव्या कार्बनवर आहे त्याचा). आडवे चार कार्बन, दुसऱ्याच्या डोक्यावर दोन. म्हटलं, त्या वरच्या टोकाच्या कार्बनवर पेन्सिल टेकव आणि मागे न फिरता जास्तीत जास्त लांब जा. पाच कार्बन भरले, मधल्यावर मिथिल, म्हणजे एका कार्बनची फांदी. म्हणजे ३-मिथिलपेन्टेन, जे त्याच पानावर आधीच काढलेलं होतं. दुसऱ्याखाली होतं १-मिथिलपेन्टेन. पहिल्या कार्बनला मिथिल जोडलं की साखळीच एकाने वाढते, तो साधा हेक्झेनच झाला. साध्या अल्केनच्या (फक्त एकेरी बंधांच्या कार्बन-हायड्रोजन संयुगाच्या) नावात १-मिथिल किंवा २-इथिल दिसलं की मी पुढचं वाचतच नाही. समघटक काढले की नावं लिहा, नाव तेच आलं तर संयुगही तेच.

आकडे कुठून घालायचे? फांदीला लहान आकडा मिळेल त्या टोकाकडून. पण अल्कोहोल असेल तर आधी ओएचचा (त्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या गटाचा, नावात ‘ऑल’) मान: ४-मिथिलपेन्टेन-२-ऑल, २-मिथिलपेन्टेन-४-ऑल नव्हे.

आम्लाच्या गटातला कार्बनही मोजायचा. व्हिनेगरमधलं आम्ल इथेनॉइक, मिथेनॉइक नाही. मिथेनॉइक मुंग्यांकडे असतं.

ओएचची रेघ ऑक्सिजनला टेकली पाहिजे. डावीकडे गट काढताना बंध हायड्रोजनला जोडून मोकळे होणारे दरवर्षी भेटतात, म्हणजे हायड्रोजनला दोन बंध! आणि ‘हायड्रोजन नंतर भरतो’ म्हणणाऱ्यांच्या आकृतीत पाच बंधांचा कार्बन हमखास सापडतो. मी आधी नुसते कार्बन मांडतो, मग प्रत्येकाभोवती बोटाने चार बंध मोजून उरलेल्या जागी हायड्रोजन लिहितो. वेळ लागतो, लागू दे. व्हिडिओ बघून पहिल्याच आठवड्यात नागमोडी रेघांच्या आकृत्या काढणाऱ्यांना तर मी वही परत देतो. रेघेच्या दोन्ही टोकांनाही कार्बन असतो, हेच त्यांच्या लक्षात राहत नाही.

मराठी माध्यमातल्यांची एक खास चूक म्हणजे १-क्लोरो-२-ब्रोमोइथेन. क आधी, ब नंतर, म्हणून. गटांचा क्रम रोमन अक्षरांप्रमाणे लागतो, तेव्हा ब्रोमो आधी: १-ब्रोमो-२-क्लोरोइथेन. तसंच इथिल मिथिलच्या आधी, आणि हा क्रम लावताना डाय-ट्राय (दोन-तीन सारखे गट) धरायचे नाहीत, त्यामुळे डायमिथिल असलं तरी इथिलच पुढे.