तुतारी कुठली ते उडतानाच्या फोटोवरून ओळखा

सप्टेंबरात भांडुप पंपिंग स्टेशनकडे, ठाणे खाडीच्या काठी तुताऱ्या, म्हणजे पाणथळ काठावर वावरणारे छोटे पक्षी, उतरू लागतात. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले की सगळ्या सारख्याच तपकिरी! बसलेल्या पक्ष्याचे दोन-तीन फोटो पुरे. खरी ओळख उडताना पटते.

१. शटरचा वेग १/२००० सेकंद किंवा त्याहून जास्त, बर्स्ट मोड (बटण धरलं की एकामागून एक फोटो) चालू.
२. एका बाजूने चोच आणि पाय नीट दिसतील असा फोटो आधी घ्या.
३. मग कॅमेरा डोळ्याला लावून थांबा. पक्षी उडताच बटण दाबून धरा. वीसातले दोन जरी साधले तरी काम झालं.
४. आता पाहा: पाठीचा मागचा भाग पांढरा आणि पंखाखाली काळपट, तर हिरवी तुतारी. तसाच पांढरा, पण पंखाखाली फिकट, तर ठिपकेवाली. मागे तपकिरीच आणि पंखावर पांढरी पट्टी, तर सामान्य तुतारी. ती बसल्यावरही शेपूट सारखी वरखाली करत असते.

फोटोसाठी पक्षी मुद्दाम उडवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या त्या जिवाला आधी पोटभर खाऊ द्या; घार फिरकली की थवा आपणहून उठतो.