आधी फिरणं, मग खाणं: कुत्रा पाळणाऱ्यांनो, या चुका टाळा

ठाण्याच्या उपवन तलावावर सकाळी कुत्रेवाले भेटतात ते दोन तऱ्हेचे. एक, घरून कुत्र्याला पोटभर खाऊ घालून आणणारे. दुसरे, त्याला दमेस्तोवर पळवून तिथल्या तिथेच डबा उघडणारे. दोघांचीही कुत्री कधी ना कधी माझ्याकडे राहायला येतात (वसंत विहारात माझं पाळणाघर आहे, चार पायांच्या पोरांचं), आणि दोघांनाही तेच ते सांगून माझा घसा बसलाय. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

खाऊ घालून लगेच खाली नेणं

यामागचा हिशोब मला कळतो. खाल्लं की आतडी हलतात आणि पाव-अर्ध्या तासात शी होते, म्हणून आधी खायला द्यायचं आणि मग खाली न्यायचं. पिल्लाच्या बाबतीत हे बरोबरच आहे. पण शी करवून आणणं वेगळं आणि फिरवून आणणं वेगळं. खाली गेल्यावर मोकळा पोडियम दिसतो, खिशात बॉल असतोच, आणि भरल्या पोटाचा तीस-पस्तीस किलोचा कुत्रा उड्या मारायला लागतो.

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधला जर्मन शेफर्ड, वय आठ. घरातले बदलापूरला लग्नाला गेलेले, त्यामुळे त्याचं सकाळचं खाणं हुकलं. रात्री परत आल्यावर दोन्ही वेळचं एकदम वाढलं: चिकन-भात, वर ड्राय फूड, वर भांडंभर पाणी. त्याने ते श्वास न घेता संपवलं. लगेच धाकटा त्याला घेऊन पोडियमवर, आणि बॉल सुरू. साडेदहाच्या सुमारास मला फोन.

"मावशी, हा ओकायला करतोय पण काही पडतच नाहीये. गॅस झालाय बहुतेक. इनो दिलंय."

"पोटावर टिचकी मार. आवाज कसा येतोय?"

"ढोलासारखा."

"ओठ वर करून हिरड्या बघ."

"पांढरट दिसतायत. बाबा म्हणतायत, सकाळपर्यंत बघू."

"बाबांना फोन दे."

बाबांशी मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. पण निघाले ते. जवळचा दवाखाना बंद, दुसरीकडे रात्री एक्स-रे नाही. तिसऱ्या ठिकाणी सर्जन भेटला. जठराला पीळ बसला होता. पहाटेपर्यंत ऑपरेशन चाललं आणि कुत्रा वाचला. बिलात एक बरी सेकंडहँड स्कूटर आली असती.

पीळ बसला की जठराची दोन्ही तोंडं बंद होतात. आतला वायू वरूनही निघत नाही आणि खालूनही नाही. फुगलेलं जठर मोठ्या शिरेवर दाबतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, आणि कुत्रा काही तासांत जाऊ शकतो. अशा वेळी फसफसणारं इनो म्हणजे आत आणखी वायू. ओकारीची कोरडी उबळ, गळणारी लाळ, एका जागी न बसणं, ताणलेलं पोट: एवढं दिसलं की घरगुती उपाय बंद आणि गाडी काढायची. ग्रेट डेनमध्ये हा धोका सगळ्यात जास्त. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड अशी खोल छातीची मोठी कुत्रीही त्यात येतात. वय वाढलं, किंवा त्याच्या आई-बापाला, भावंडाला हे झालेलं असलं, तर धोका आणखी वाढतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर नुसत्या पळण्याने पीळ बसतो असं कोणी ठामपणे सिद्ध केलेलं नाही. दिवसातून एकदाच भरमसाट खाणं, हावरटासारखं गिळणं, जात आणि वय यांचा हात त्यात जास्त आहे. तरीही मी खाण्यानंतर दोन तास उड्या, बॉल, जिना, कुस्ती काही करू देत नाही. पाळायला सोपा नियम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पट्टा लावून दहा मिनिटं रमतगमत शीसाठी नेलं तर चालतं.

रात्री ऑपरेशन कुठे होतं ते मात्र आजच, दिवसाउजेडी विचारून ठेवा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण पोट फुगलेल्या कुत्र्याला घेऊन ठाण्याहून परळ गाठण्याआधी जवळ कोण आहे हे ठाऊक असलेलं बरं. मोठ्या जातीची कुत्री असेल तर नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला शिवून घेता येतं का, हेही डॉक्टरांना विचारा. त्याने फुगणं टळत नाही, पण पीळ बसण्याची शक्यता बरीच कमी होते.

उंच स्टँडवरचं भांडं

ऑनलाइन छान दिसतं म्हणून मागवतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात मोठ्या कुत्र्यांमध्ये उंचावरच्या भांड्याने पोट फुगून पीळ बसण्याचा धोका वाढलेला दिसला होता. मानेचं दुखणं असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ठेवा, नाहीतर त्यावर तुळस ठेवा. गिळणाऱ्या कुत्र्यासाठी महागडं भांडंही लागत नाही. मी स्टीलच्या परातीत खाणं पसरून देते. एकेक दाणा टिपत बसतो.

पळवून आणलं की लगेच वाढणं

धापा टाकणारा कुत्रा खाण्याबरोबर हवाही गिळतो. मी आधी थोडं थोडं पाणी देते, पंख्याखाली लादीवर पसरू देते आणि जीभ आत गेली की मगच वाढते. याला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो, आपल्या दमट हवेत मे महिन्यात त्याहून जास्त. त्या दिवसांत सकाळी साडेसहानंतर पळवायचंच नाही. पग आणि शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्रेवाल्यांनी तर कधीच नाही.

एकाच वेळी वाढून मोकळं होणं

"आम्ही दोघं नोकरीवाले, एकदाच देतो." हे वाक्य ऐकलं की मला मनापासून राग येतो. सात सत्तावीसची लोकल पकडणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, तीही दोनदा वाढतात. एकदाच दिल्याने जठर एकाच वेळी ठासून भरतं, हा एक तोटा. दुसरा तोटा सकाळी सतरंजीवर दिसतो: पिवळा फेस. बराच वेळ पोट रिकामं राहिलं की पित्त वर येतं. मग घरची मंडळी "पोट बिघडलंय, आज उपास" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं. अशा कुत्र्याला मी झोपण्याआधी मूठभर ड्राय फूड किंवा दोन घास भात देते, आणि सकाळी लांब फिरवण्याआधी एखादं बिस्कीट. बहुतेकांचं तेवढ्याने थांबतं. थांबलं नाही, किंवा कुत्रा मरगळला, तर डॉक्टर.

माझं वेळापत्रक साधं आहे. सहाला फेरी, पावणेआठला खाणं. संध्याकाळी साडेसहाला फेरी, आठला खाणं. फेरी चुकली तर खाणं चुकवत नाही. खाणं उशिरा झालं तर खेळ रद्द.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पिल्लाला चार महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा खायला हवं. छोट्या जातीचं पिल्लू उपाशीपोटी खेळून डगमगायला लागलं तर साखर उतरलेली असू शकते. हिरडीला मध चोळा आणि दवाखाना गाठा.

मधुमेही कुत्र्याची वेळ स्वतःच्या मनाने हलवू नका. इन्सुलिन खाण्याशी बांधलेलं असतं.

पिल्लू आणून आठवडा झाला नाही तोच त्याला सायकलमागे पळवणाऱ्यांना खाण्याच्या वेळा सांगून काही उपयोग नाही. त्यांनी आधी सायकल विकावी.

येऊरच्या जंगलातल्या चढावर कुत्रा नेऊन "स्टॅमिना" वाढवणाऱ्यांनो, तिथे बिबट्याचीही जेवणाची वेळ असते.

माळशेजला नेणार असाल तर निघण्याआधी तीन तास खाणं बंद. घाटात उलटी झाली की मला फोन येतो, म्हणून सांगतेय.

आणि वॉचमनकाका. तुम्ही घड्याळ लावून खाऊ घालता, आणि गेटवर जाता-येता पार्ले-जीचा अर्धा पुडा पोटात जातो. काकांशी भांडू नका, त्यांचा जीव असतो. मी सकाळी त्यांच्याकडे डबीत मोजून दहा दाणे ड्राय फूड देऊन ठेवते आणि तेवढे वाटीतून कमी करते. पहिल्या मजल्यावरच्या आजींना मात्र अजून पटलेलं नाही. त्या दूध-पोळीच देतात, म्हणून आम्ही लिफ्टने उतरतो.