शॉपिंगचं खातं हॅक झालं? निदान या चुका तरी टाळा

दिवाळीचे सेल सुरू झाले की माझा फोन वाजायला लागतो. सोसायटीत एक जण ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ ठरला की त्याची सुटका नसते. पलीकडून ठरलेलं वाक्य येतं, “अरे, माझ्या खात्यावरून कुणीतरी भलतंच काहीतरी मागवलंय.” आणि त्याला जोडून, मोठ्या अभिमानाने, “पण मी पासवर्ड लगेच बदलला हं!”

तिथेच मी कपाळाला हात लावतो.

पासवर्ड बदलला, विषय संपला

आमच्या इमारतीतल्या एका वहिनींचं उदाहरण सांगतो. भाऊबीजेला भावाने पाठवलेल्या गिफ्ट कार्डाचे पैसे त्यांनी एका मोठ्या शॉपिंग साइटच्या खात्यात भरून ठेवले होते. एका सकाळी शिल्लक शून्य. कुणीतरी त्या पैशांची ई-व्हाउचर्स विकत घेतली होती. चोरांना व्हाउचर फार आवडतं, कारण त्याला पत्ता लागत नाही, पार्सल घ्यायला कुणाला दारात उभं राहावं लागत नाही. कोड हातात आला की काम झालं. वर अशी शिल्लक अनेक ठिकाणी ओटीपीशिवाय खर्च होते.

वहिनींनी पासवर्ड बदलला, कस्टमर केअरशी भांडून पैसे परत मिळवले. काही दिवसांत ते पुन्हा गेले. पुन्हा पासवर्ड, पुन्हा तेच. “साइटवालेच चोर आहेत,” असा निकाल त्यांच्या यजमानांनी देऊन टाकला आणि मग मला बोलावलं.

मी शॉपिंगच्या साइटकडे बघितलंच नाही. त्यांचं जीमेल लॅपटॉपवर उघडलं. सेटिंग्जमध्ये एक फिल्टर बसवलेला होता: मेलमध्ये ‘ऑर्डर’ हा शब्द दिसला की तो इनबॉक्समध्ये न येता थेट कचऱ्यात. शिवाय येणारा प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड होत होता. वहिनी पासवर्ड बदलत, चोर ‘फरगॉट पासवर्ड’ दाबून पुन्हा आत येई, कारण नवा पासवर्ड लावायची लिंक त्याच मेलबॉक्समध्ये पडत होती. जीमेलचे फिल्टर मोबाइल ॲपमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी ब्राउझरमधून कॉम्प्युटरसारखं उघडावं लागतं. वहिनी सगळं फोनवरच करायच्या, त्यांना ते दिसणार कुठून? मेलचा आणि शॉपिंगचा पासवर्ड एकच होता, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी मेल आणि मग दुकान. मेलचा पासवर्ड बदला. रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा, फोन नंबर आणि ईमेल पत्ता आपलाच आहे का बघा. फिल्टर बघा, फॉरवर्डिंग बघा, कुठकुठल्या उपकरणांवर खातं उघडं आहे त्याची यादी बघून अनोळखी सगळी हाकला. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, चालू करा. हे झाल्यावर शॉपिंगच्या साइटवर जा आणि तिथेही नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ दाबा. अर्धा तास लागतो. “थोडक्यात काही आहे का?” असं विचारणाऱ्यांना मी हल्ली “नाही” एवढंच म्हणतो.

एकच पासवर्ड सगळीकडे

२०२० मध्ये ऑनलाइन किराणा विकणाऱ्या बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याची बातमी होती. अशा याद्या बाहेर आल्या की चोर तोच ईमेल आणि तोच पासवर्ड इतर साइटवर लावून बघतात, तेही हाताने नाही, प्रोग्रॅम लावून. तुमचं खातं ‘फोडायला’ कुणी अक्कल लढवलेली नसते. आपला ईमेल पत्ता अशा यादीत आलाय का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकटात तपासता येतं.

माझे महत्त्वाचे पासवर्ड एका वहीत लिहिलेले आहेत आणि वही कपाटात आहे. पासवर्ड मॅनेजरवाले, म्हणजे पासवर्ड सांभाळणारं ॲप वापरणारे, हसतात. हसू देत. हजार मैलांवरून माझ्या गोदरेजच्या कपाटात कुणाला हात घालता येत नाही. मॅनेजर वापरत असाल तर उत्तमच, पण लेकाच्या नावापुढे जन्मसाल लावून ‘लक्षात राहतो’ म्हणणं बंद करा.

“ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा”

यावर मी इतक्या वेळा बोललोय की घरचे कंटाळलेत. फोन येतो, “मॅडम, तुमचं पार्सल आलंय, कॅश ऑन डिलिव्हरी आहे.” तुम्ही म्हणता, मी काही मागवलंच नाही. समोरचा अगदी नम्रपणे म्हणतो, “हरकत नाही, कॅन्सल करतो, फक्त आलेला ओटीपी सांगा.” आणि एरवी अतिशय सावध असलेली माणसं इथे फसतात, कारण आपण काही घेत नाही, उलट नाकारतोय, मग फसायचं काय?

तो ओटीपी खात्यात शिरण्याचा असतो. तुमचा नंबर टाकून पलीकडे कुणीतरी लॉगिन करत बसलेला असतो. आता खरी गोम अशी की महागड्या वस्तूला डिलिव्हरीच्या वेळी ओटीपी खरोखरच मागतात, त्यामुळे नुसतं ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ म्हणून भागत नाही. माझा नियम असा: ओटीपी फक्त दारात उभ्या असलेल्या माणसाला, तोही पार्सल हातात असताना, आणि तोही मेसेज पूर्ण वाचून. मेसेजमध्ये लिहिलेलं असतं की हा कोड लॉगिनचा आहे की डिलिव्हरीचा. लोक सहा आकडे वाचतात आणि वरची ओळ सोडतात. न मागवलेलं पार्सल ‘घेत नाही’ म्हटलं की संपलं, त्याला कुठलाही कोड लागत नाही.

याच फोनवर कधी ‘या नंबरवर डायल करा’ म्हणून *२१* किंवा *४०१* ने सुरू होणारा कोड देतात. तो तुमचे कॉल चोराकडे फॉरवर्ड करण्याचा असतो. शंका आली तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग बंद होतं.

किरकोळ, पण रोजच्या

जुना मोबाइल नंबर बंद केलात तर खात्यातूनही काढा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि मग तुमचा ओटीपी त्याच्याकडे.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. ॲपच्या आतच मदत असते.

स्क्रीन शेअर करायला लावणारा माणूस मदत करत नसतो.

साइटवर सेव्ह केलेल्या कार्डाची लोकांना फार भीती. ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानाकडे तुमचा खरा कार्ड नंबर राहत नाही, टोकन म्हणजे त्याच्या बदल्यातला एक कोड राहतो, आणि तो दुसऱ्या दुकानात चालत नाही. भीती बाळगायचीच तर कार्डाच्या ‘इंटरनॅशनल’ व्यवहारांची बाळगा, कारण परदेशी साइटवर अनेकदा ओटीपी न मागताच पैसे कापले जातात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू-बंद करायचं बटण असतं. माझं कायम बंद असतं, लागलं की चालू करतो आणि काम झालं की परत बंद.

उशीर आणि आवराआवर

पैसे गेले असतील तर मेल-बिल नंतर. आधी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. “संध्याकाळी हे घरी आले की बघू” असं म्हणण्यात पैसे चोराच्या खात्यातून पुढच्या खात्यात जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने असा नियम घातला की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काही भार नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेपायी घालवलेला वेळ तुमच्याच खिशातून जातो.

आणि आवराआवर करू नका. लोक घाबरून किंवा चिडून खात्यातला अनोळखी पत्ता पुसतात, मेसेज उडवतात आणि मग तक्रार नोंदवायला येतात. आधी ऑर्डरचं पान, त्यावरचा पत्ता, आलेले मेसेज, कॉल आलेला नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली की क्रमांक मिळतो, तोही स्क्रीनशॉटसोबतच ठेवा. बँक तो मागते.